निरोप बोलू लागला

मनुष्य लिहावयास शिकला, त्याच्या कितीतरी सहस्र वर्षे आधी तो बोलत होता. बालकही प्रथम ऐकते, मग बोलते आणि पुढे काही वर्षांनी पाटीवर अक्षर गिरवू लागते. वाणी ही माणसाला सहज लाभलेली देणगी आहे, तर लेखन ही त्याने कष्टाने मिळवलेली विद्या आहे. या दोहोंच्या अंगी एकेक गुण आहे आणि एकेक उणीवही आहे. बोललेला शब्द जिवंत असतो. बोलणाऱ्याचा आनंद, राग, थकवा, माया हे सारे त्यात उमटते. परंतु तो उच्चारताक्षणीच हवेत विरून जातो आणि हाकेच्या टप्प्यापलीकडे पोहोचत नाही. लिहिलेला शब्द दूर जातो, टिकतो, पुन्हा पुन्हा वाचता येतो. पण तो मुका असतो. ‘बरे आहे’ एवढे दोनच शब्द कुणी लिहून पाठवले, तर ते समाधानाने लिहिले की नाराजीने, हे कागद सांगत नाही.

दूरच्या माणसाशी बोलता यावे, ही इच्छा फार जुनी आहे. मात्र ती पुरी होण्याचा क्रम नवलाचा आहे. दूरवर प्रथम पोहोचली ती अक्षरे. आवाज मागाहून गेला. सॅम्युएल मोर्स याने १८४४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांच्या दरम्यान तारेने संदेश पाठवला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, म्हणजे १८७६ साली, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने तारेतून माणसाचा आवाज नेला. मुंबईत १८८२ साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले. पुढे इंटरनेटच्या युगातही बहुतेक हाच क्रम पुन्हा घडला. लोकांच्या हाती आधी लिखित निरोप आले आणि जिवंत बोलणे त्यांना नंतर जोडले गेले. ही जोड कशी झाली, तिने काय साधले आणि तिच्यामुळे आपल्यावर कोणती जबाबदारी आली, याचा विचार आपण या पाठात करू.

येथे कुणीही चौकस विद्यार्थी विचारील, की दूरध्वनी तर आधीपासूनच होता, मग निरोपाच्या साधनात बोलण्याची सोय करण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर जुन्या दूरध्वनीच्या रचनेत सापडते. त्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली, की त्यांच्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वाट राखून ठेवावी लागे. ती दोघे मध्येच गप्प बसली, तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. त्यामुळे अंतर जितके लांब आणि बोलणे जितका वेळ, तितके पैसे अधिक पडत. परगावी बोलावयाचे तर आधी ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि तो लागेपर्यंत कधी कधी तासन्‌तास वाट पाहावी लागे. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतःच क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय भारतात प्रथम झाली. तिलाच पुढे सर्व जण एस.टी.डी. म्हणून ओळखू लागले. वाट पाहणे संपले, परंतु मिनिटांचा हिशेब काही सुटला नाही. घड्याळाकडे पाहत बोलावयाचे आणि मनातले निम्मे मनातच ठेवून फोन खाली ठेवावयाचा, हा त्या काळातील असंख्य कुटुंबांचा अनुभव होता.

इंटरनेटची रीत निराळी आहे. तेथे कुणासाठीही वाट राखून ठेवत नाहीत. पाठवावयाची माहिती लहान लहान पुडक्यांत बांधतात, प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि अनुक्रमांक घालतात आणि सर्वांच्या पुडक्यांबरोबर तीही सार्वजनिक रस्त्याने सोडून देतात. एकच रस्ता अशा रीतीने असंख्य लोकांच्या उपयोगी पडतो. म्हणूनच खर्च विभागला जातो आणि शेजारच्या गावी पाठवलेले पुडके व सातासमुद्रापार पाठवलेले पुडके यांच्यासाठी ग्राहकाला निराळे दर द्यावे लागत नाहीत.

आता आवाज पुडक्यात कसा बांधावा? आवाज म्हणजे हवेतील कंप. हा कंप सतत बदलत असतो. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली एक कल्पना मांडली. हा कंप सतत पाठवण्याऐवजी त्याची उंची ठरावीक वेळाने मोजावी आणि केवळ ते आकडे पाठवावेत. पलीकडे त्या आकड्यांवरून तोच कंप पुन्हा उभा करता येतो. दूरध्वनीवरील आवाजासाठी ही मोजणी एका सेकंदात ८,००० वेळा करतात. प्रत्येक माप लिहिण्यास शून्य किंवा एक अशी ८ चिन्हे, म्हणजे ८ बिट लागतात. ८,००० ला ८ ने गुणले असता ६४,००० येतात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्यासाठी ६४,००० बिट झाले. आधुनिक रीतींनी हा भार पुष्कळच हलका करता येतो. २०१२ साली प्रमाण म्हणून मान्य झालेली ‘ओपस’ ही रीत सेकंदाला अवघ्या ६,००० बिटांतही समजण्याजोगे बोलणे पोहोचवू शकते. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पुडके बांधतात. म्हणजे आपण एक सेकंद बोललो, की पन्नास पुडकी प्रवासाला निघतात!

असा प्रयोग अमेरिकेत १९७४ सालीच यशस्वी झाला होता. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटची पूर्वज असलेल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावरून पुडक्यांच्या रूपाने बोलणे पाठवले होते. असे असूनही ही गोष्ट सामान्य माणसाच्या हाती येण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. या विलंबाचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

लिखित निरोप दोन सेकंद उशिरा पोहोचला, तर कुणाचे काही बिघडत नाही. त्याचे एखादे पुडके वाटेत हरवले, तर ते पुन्हा मागवता येते. बोलण्याचे तसे नाही. भजनात एखाद्याचा टाळ चुकला, तर तो मागाहून वाजवून चूक भरून काढता येत नाही. तोवर भजन पुढे गेलेले असते. आवाजाचे पुडकेही तसेच आहे. वेळेवर आले तर उपयोगाचे, उशिरा आले तर टाकाऊ. म्हणून लिखित निरोपासाठी यंत्रे अचूकपणाला अधिक जपतात, तर बोलण्यासाठी वेळेला अधिक जपतात. एखादे पुडके हरवले, तर यंत्र त्याची वाट पाहत बसत नाही. मागच्या आवाजावरून अंदाज घेऊन ते ती बारीक फट बुजवते आणि पुढे चालू लागते. आपल्या कानाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. पुडकी कमीअधिक अंतराने येतात, यासाठीही एक युक्ती योजलेली असते. ती आल्याबरोबर न वाजवता क्षणभर साठवून मग सारख्या ठेक्याने वाजवतात.

परंतु हा क्षणभराचा साठाही बेतानेच करावा लागतो. एका बाजूचे बोलणे दुसरीकडे पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याहून अधिक वेळ लागू नये, असे तज्ज्ञांनी ठरवले आहे. त्याहून अधिक उशीर होऊ लागला, की दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि संभाषणाची लय बिघडते. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत बोलताना आवाजाला वर जाऊन खाली येण्यातच सुमारे पाव सेकंद लागतो. समुद्रतळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या तारांमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो आणि त्याचा मार्गही पुष्कळ जवळचा असतो. परदेशी बोलणे आज समोरासमोर बोलल्यासारखे वाटते, त्याचे श्रेय मुख्यतः या समुद्राखालच्या तारांना आहे.

वेगवान जाळी पसरली, मोबाइल स्वस्त झाले आणि मग निरोपांच्या साधनांत आवाज येऊ लागला. २००३ साली सुरू झालेल्या ‘स्काइप’ने संगणकावरून बोलण्याची सवय जगाला लावली, ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. ‘व्हॉट्सॲप’ २००९ साली निघाले, ते लिखित निरोपांसाठी. २०१३ साली त्यात आवाज मुद्रित करून पाठवण्याची सोय आली आणि २०१५ साली प्रत्यक्ष बोलण्याची. या दोन सोयींतील भेद लक्षात घ्या. मुद्रित आवाज हे एक प्रकारचे पत्रच असते. ते ऐकणारा सवडीने ऐकतो. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र दोन्ही माणसे एकाच क्षणी हजर असावी लागतात.

दोघांचे बोलणे साधले. आता प्रश्न उरला मंडळींचा. दहा जण एकत्र बोलू लागले आणि प्रत्येकाचा दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र धागा जोडावयाचा ठरले, तर पंचेचाळीस धागे लागतील. शंभर जण असतील, तर ही संख्या ४,९५० होईल. एवढा भार कुणाचाही मोबाइल सोसणार नाही. म्हणून मोठ्या मंडळींच्या बोलण्यासाठी मध्ये एक सर्व्हर ठेवतात. प्रत्येक जण आपला आवाज त्याच्याकडे एकदाच पाठवतो आणि तो सर्व्हर इतरांकडे पोहोचवण्याचे काम करतो.

मंडळींच्या बाबतीत याहून नाजूक प्रश्न होता, तो शिष्टाचाराचा. दूरध्वनीची घंटा ही एक आज्ञा असते. ती वाजली, की हातातले काम टाकून उठावे लागते. दोघांच्या बाबतीत हे चालून जाते. पण एका गटात शंभर माणसे आहेत आणि त्यांपैकी एकाला बोलावेसे वाटले, म्हणून शंभर घरांत घंटा खणखणू लागली तर? कुणी आजारी असेल, कुणी रात्रपाळी करून झोपला असेल, कुणी अभ्यासात असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने मोठ्या गटांसाठी जी सोय जाहीर केली, तिच्यात या प्रश्नाचा विचार दिसतो. तेथे कुणी बोलणे सुरू केले, तर घंटा वाजत नाही. निरोपांच्या यादीत केवळ एक लहानशी खूण उमटते. ज्याला सवड असेल त्याने यावे, थोडे बोलून जावे. नसेल त्याने येऊ नये. आपल्या गावातील पारावरची बैठक अशीच असते. तेथे कुणाला बोलावणे धाडत नाहीत. चार माणसे बसलेली दिसली, की जाणारा येणारा आपण होऊन टेकतो. घंटेची जागा निमंत्रणाने घेतली, हा बदल दिसावयास लहान असला तरी त्यात दुसऱ्याच्या वेळेचा आदर आहे.

सर्वांनीच या नव्या सोयीचे स्वागत केले, असे मात्र झाले नाही. दूरध्वनी कंपन्यांचे उत्पन्न मिनिटांच्या हिशेबावर अवलंबून होते. डिसेंबर २०१४ मध्ये भारतातील एका मोठ्या कंपनीने इंटरनेटवरून बोलण्यासाठी निराळे पैसे आकारण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध लोकमत इतके खवळले, की काही दिवसांतच कंपनीला तो बेत मागे घ्यावा लागला. परंतु प्रश्न तेथे संपला नाही. रस्त्याचे भाडे एकदा दिल्यावर, त्या रस्त्याने पत्र न्यावे की आवाज न्यावा, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली या विषयावर जनतेची मते मागवली, तेव्हा लाखो नागरिकांनी आपली मते लिहून पाठवली. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने असा नियम केला, की माहिती कोणती आहे हे पाहून कंपन्यांनी निरनिराळे दर लावू नयेत. आवाजाच्या या हक्काचे रक्षण लिखित शब्दांनी केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्व देशांत असे घडले नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०१५ नंतर कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर निरोप लिहिता येत, परंतु बोलता येत नसे. तेथे राबणाऱ्या आपल्या लोकांना त्यावर घरच्यांची अक्षरे दिसत, प्रत्यक्ष बोलणे मात्र होत नसे.

हा आवाज कुणाला सर्वांत अधिक हवा असतो? ज्याला लिहिता येत नाही, त्याला. ज्या आजीने कधी शाळेची पायरी पाहिली नाही, तिला लिखित निरोप वाचून घेण्यासाठी दुसऱ्याची विनवणी करावी लागते. मनातले गुज तिला तिसऱ्यापुढे उघड करावे लागते. जिवंत आवाजाने तिला हे परावलंबन उरले नाही. दृष्टिहीन माणसालाही या सोयीने मोठा आधार दिला. पण याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी लिखित निरोप हे समानतेचे मैदान होते. गटातील सर्व जण लिहीत होते, तोवर तोही सर्वांच्या बरोबरीचा होता. सर्व जण बोलू लागले, की तो एकाएकी दाराबाहेर राहतो. म्हणून आवाजाची सोय करताना लेखनाची वाट बंद करणे हा अन्याय ठरेल. बैठकीत काय ठरले, ते दोन ओळींत लिहून गटात टाकावे, म्हणजे न ऐकू येणारा आणि त्या वेळी हजर नसलेला, असे दोघेही आपल्याबरोबर राहतात.

ओळखीच्यांच्या गटापलीकडे अनोळखी लोकांच्या जाहीर सभाही या मार्गाने भरू लागल्या. २०२० साली महामारीमुळे लोक घरोघर अडकून पडले असता अमेरिकेत ‘क्लबहाउस’ नावाचे केवळ आवाजाचे ॲप निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘टेलिग्राम’ने आपल्या गटांत बोलण्याची सोय केली आणि ‘ट्विटर’नेही ‘स्पेसेस’ या नावाने अशा सभांची चाचणी आरंभली. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लबहाउसवर चीन, हाँगकाँग आणि तैवान येथील हजारो लोक एकत्र जमून, एरवी जे विषय उघडपणे बोलता येत नसत, त्यांवर परस्परांशी बोलू लागले. काही दिवसच हे चालले. ८ फेब्रुवारी रोजी चीनमध्ये ते ॲप बंद पाडण्यात आले. जिवंत आवाजात केवढी शक्ती असते, हे यावरून दिसते. परक्या माणसाचा मजकूर वाचून आपण त्याच्यावर रागावू शकतो. पण त्याचा कापरा किंवा हसरा आवाज ऐकला, की तोही आपल्यासारखाच माणूस आहे, हे मनाला पटते.

आवाजात शक्ती आहे, म्हणूनच तो जपूनही वापरावा लागतो. लिहिलेला निरोप पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचता येतो, खोडता येतो. तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. कुणी म्हणेल, ‘बोलणे तर विरून जाते, मग भय कशाचे?’ हे पूर्णपणे खरे नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील निरोप व बोलणी कूटबद्ध होऊन जातात. मधल्या कुणालाही, त्या कंपनीलासुद्धा, ती उलगडत नाहीत. परंतु हे कुलूप केवळ वाटेचे रक्षण करते. पलीकडे बसलेल्या माणसाने ते बोलणे दुसऱ्या यंत्रावर मुद्रित करून ठेवले, तर कोणतेही कुलूप त्याला अडवू शकत नाही. तेथे केवळ त्या माणसाची सचोटीच आपले रक्षण करते. म्हणून दुसऱ्याचे बोलणे त्याच्या संमतीवाचून मुद्रित न करणे हे सभ्य माणसाचे कर्तव्य आहे.

अलीकडे आणखी एक संकट उभे राहिले आहे. आवाज ही माणसाची खूण, असे आपण आजवर समजत आलो. अंधारातही आईची हाक आपण ओळखतो. आता मात्र एखाद्याच्या बोलण्याचा लहानसा नमुना मिळाला, तरी त्यावरून हुबेहूब तसाच आवाज संगणकाला काढता येतो. ‘मी संकटात आहे, ताबडतोब पैसे पाठव,’ असे आपल्या काकांच्या आवाजात कुणी म्हणाले, तरी ते काकाच असतील असे नाही. अशा वेळी घाबरून न जाता बोलणे थांबवावे, वडीलधाऱ्यांना सांगावे आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या काकांच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी. खऱ्या काकांना या चौकशीचा राग येणार नाही. उलट समाधानच वाटेल. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

तेव्हा लिहावे केव्हा आणि बोलावे केव्हा? हिशेब, पत्ता, तारीख, वेळ यांसारख्या गोष्टी लिहाव्यात, कारण त्या पुन्हा पाहाव्या लागतात. रागाच्या भरात दोन्ही टाळावे. क्षमा मागावयाची असेल, दुःखात असलेल्याला धीर द्यावयाचा असेल किंवा गैरसमज दूर करावयाचा असेल, तर मात्र बोलावे. कारण तेथे शब्दांपेक्षा स्वर अधिक सांगतो. गटात बोलताना आधी आपले नाव सांगावे, आपली पाळी नसताना माइक बंद ठेवावा आणि दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. एका सेकंदात पन्नास पुडकी वेळेवर पोहोचवण्याची कला यंत्राने साध्य केली आहे. पलीकडचा माणूस बोलत असताना शांतपणे ऐकून घेण्याची कला मात्र ज्याची त्यानेच शिकावी लागते.

अभ्यास

१. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांचे गुण व उणिवा लेखकाने कशा सांगितल्या आहेत?

२. आवाजाचे उशिरा आलेले पुडके टाकाऊ का ठरते? लेखकाने दिलेल्या दृष्टान्ताच्या आधारे स्पष्ट करा.

३. ‘दूरध्वनीची घंटा ही एक आज्ञा असते.’ या विधानाचा अर्थ सांगून, मोठ्या गटांसाठी घंटेऐवजी कोणती योजना झाली ते लिहा.

४. गटात सहा जण असून प्रत्येकाचा दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र धागा जोडावयाचा असेल, तर एकूण किती धागे लागतील? आकृती काढून मोजा.

५. ‘हे कुलूप केवळ वाटेचे रक्षण करते.’ येथे कुलूप म्हणजे काय? वाटेपलीकडे रक्षण कोण करते?

६. तुमच्या घरातील वडील माणसांना, पूर्वी परगावच्या नातलगांशी ते कसे बोलत असत ते विचारा आणि त्यांनी सांगितलेली माहिती दहा ओळींत लिहा.